दुसऱ्याने धुतलेली चादर

मी, या लाँड्रीची मालकीण, लाँड्रीच्याच वरच्या मजल्यावर राहणारी, विधवा, वयाने म्हातारी पण डोक्याने अजून ताळ्यावर असलेली बाई, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दटावलेलं नाही, फूस लावलेली नाही, गोड बोलून कागद पुढे सरकवलेला नाही. गुंगीचं औषध मी संध्याकाळी घेते आणि हे सकाळी लिहिते. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यासाठी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि त्या वारी कुठल्या गिऱ्हाइकाची गाठोडी येतात तेही सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

माझ्या छातीत जे आहे ते बरं होणारं नाही, हे मला सांगण्यात आलेलं आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलं नाही, कारण तब्येत चांगली असताना केलं असतं तर कागद फुकट गेला असता.

कलम १. माझी माणसं.

मला एक मुलगा आहे, एक सून आहे. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. आणि वन्सं आहेत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हा किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, आणि त्या माझ्या हातात यायला माझे केस पिकावे लागले. अलीकडे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मागच्या खोलीत पलंगावर असतात. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं मी आणि आमची इस्त्रीवाली करतो. हे मृत्युपत्र मुख्यतः वन्संसाठी आहे. बाकीची माणसं हिंडतीफिरती आहेत, ती आपलं बघून घेतील.

कलम २. घर.

ही इमारत, म्हणजे खाली लाँड्री आणि वर तीन खोल्या, माझ्या मागे माझ्या मुलाला मिळावी. अट एकच. वन्सं जिवंत असेपर्यंत मागच्याच खोलीत राहतील आणि त्यांचं आजवर जसं चाललं तसंच चालेल. त्यांना वृद्धाश्रमात ठेवू नये.

मुलगा ज्या वृद्धाश्रमाचं सारखं नाव काढतो, त्याच्या चादरी धुवायला माझ्याकडे येतात. तो म्हणतो, "आई, तिथे नर्स असते, डॉक्टर येतो, स्वच्छता असते." मी म्हणते, "स्वच्छता माझ्याकडे असते रे. तिथून नुसती गाठोडी येतात." डाग ओला असताना चादर काढली तर त्याला कड नसते. माणूस त्यावर तसाच पडून राहिला आणि डाग अंगाखाली वाळला, की त्याला तपकिरी कड येते. त्या आश्रमाच्या चादरींना कडा असतात. मी तिथल्या व्यवस्थापकाला एकदा तोंडावर सांगितलं होतं. "बाई, तुम्ही धुवायचं बघा," असं म्हणून त्याने मला वाटेला लावलं. काम सोडून द्यावंसं पुष्कळदा वाटलं. पण मी सोडलं असतं तर त्या चादरी आणखी उशिरा बदलल्या गेल्या असत्या, म्हणून सोडलं नाही.

कलम ३. चैन या शब्दाचा या मृत्युपत्रातला अर्थ.

वकील म्हणाले की जो शब्द पुन्हा पुन्हा येणार त्याचा अर्थ आधी लिहून ठेवावा, म्हणून लिहिते.

आमच्या घरात चैन ही शिवी होती. कुणी दिवा मालवायला विसरलं की चैन. पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारला की चैन. साबणाच्या चिपट्या आम्ही दाबून दाबून त्यांची नवी वडी करायचो. वन्सं अर्धी जळलेली काडी परत पेटीत ठेवायच्या, शेगडी पेटलेली असेल तर तिच्यावरून दुसरी पेटवता येते म्हणून. माझा नवरा रस्त्यात सापडलेलं बटणसुद्धा सोडत नसे. त्याच्या कोटाला एकसारखी दोन बटणं नव्हती. चमडी गेली तरी दमडी जाऊ न देणारी माणसं, असं लोक म्हणायचे आणि खरं तेच म्हणायचे. मला त्याची लाज नाही. ही इमारत त्याच दमड्यांवर उभी आहे.

पण प्रत्येक चिकट माणसात एक गळकी जागा असते, हे मला या घराने शिकवलं. तेवढ्या एका जागेतून पैसा जातो आणि माणूस हसत बघत राहतो. माझ्या नवऱ्याला रोज घडी न मोडलेलं वर्तमानपत्र लागायचं. शेजाऱ्याचं शिळं फुकट मिळत होतं, ते चालायचं नाही. पहिली घडी स्वतः मोडायची, दोन पानं चाळायची आणि बस्स, पैसे वसूल. वन्संची चैन लोणी. चांगल्या दुकानातलं, महागातलं. त्या पावाला लोणी लावत नसत, लोण्याला पाव लावत. दुपारी दार लोटून, खिडकीकडे तोंड करून खायच्या आणि तेवढा वेळ कोणाशी बोलायच्या नाहीत. आणि माझी चैन अशी की मी स्वतःच्या दोन पांढऱ्या चादरी दर आठवड्याला दुसऱ्या लाँड्रीत धुवायला टाकते, रोख पैसे मोजून.

दुसरी लाँड्री म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरची. मालकाला सगळे नीळवाले म्हणतात, कारण तो नीळ जरा जास्त टाकतो. धंद्यातला आमचा जुना वैरी. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? घरात बॉयलर, मशीन, माणसं, आणि चादरी माझ्याकडे?"

मी म्हटलं, "न्हावी स्वतःचं डोकं स्वतः भादरतो का? धू मुकाट्याने."

खरं कारण हे की मी धुतलेल्या चादरीवर मला झोप येत नाही. इस्पितळाच्या, आश्रमाच्या, लोकांच्या आजारपणाच्या आणि मरणाच्या चादरी दिवसभर हाताखालून जातात. मी स्वतः धुतलेल्या चादरीवर पाठ टेकली की ती कितीही पांढरी असो, मला तिच्यावर सगळं दिसायला लागतं. दुसऱ्याच्या हातून धुऊन आलेली चादर मात्र कोरी असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं सगळे सांगतात. मी अंथरूण पाहून झोपते.

तेव्हा या मृत्युपत्रात चैन म्हणजे जिच्यावाचून जगता येतं पण चैन पडत नाही, ती वस्तू. ज्या माणसात अशी एकही जागा नाही त्याची मला भीती वाटते. मी मुलाला विचारलं होतं, "तुझी चैन काय रे?" तो म्हणाला, "मला कसलीच चैन नाही," आणि छाती पुढे काढून म्हणाला. काटकसर त्याच्यात आमचीच उतरली आहे, फक्त गळती बुजवून उतरली. एकदा लोण्याचं पुडकं बघून तो म्हणाला, "आत्याला आता चव कुठे कळते, आई?"

"कळते की नाही ते तिलाच विचार."

"तिला बोलता कुठे येतंय?"

"मग तूही बोलू नकोस," मी म्हटलं.

कलम ४. या चैनीचा उगम, जो मुलाला माहीत नाही.

मुलाच्या आधी मला एक मुलगी झाली. ती रडलीच नाही. वरच्या खोलीत, भिंतीकडच्या पलंगावर बाळंत झाले. सुईण गेली, नवरा बाळाला घेऊन खाली गेला आणि मी त्या चादरीवर पडून राहिले. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की उद्या सकाळी ही चादर खाली जाणार, गाठोड्यातून माझ्याच पुढ्यात येणार आणि ती मलाच धुवावी लागणार. डाग काढण्याचं काम माझं होतं, घरात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. मी कोणाला काही म्हटलं नाही. म्हणायची सोयच नव्हती. त्या वेळी वन्संचं नि माझं बोलणं बंद होतं, साबणाच्या एका वडीवरून.

वन्सं आत आल्या. मला एका कुशीवर करून त्यांनी चादर काढून घेतली, उलटी गुंडाळली, शालीखाली घेतली आणि बाहेर पडल्या. ज्या बाईने आयुष्यात घरचा रुमाल बाहेर धुवायला दिला नाही, ती बाई भर दिवसा वैऱ्याच्या दुकानात गेली. चादर परत आली ती पांढरी, निळसर झाक असलेली, कडक घडी घातलेली. वन्संनी ती माझ्याखाली अंथरली आणि म्हणाल्या, "झोप आता." किती पैसे पडले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी चादरी तिकडे टाकायला लागले. पुढे त्यावरून वन्संनी मला दर आठवड्याला बोलणी घातली. "महाराणींचं अंथरूण आलं का?" असं जिन्यातून विचारायच्या. मी उलट उत्तर द्यायचे. आमचं जन्मभर पटलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या आईनेही केलं नसतं, आणि म्हणून मी मेल्यावर वन्सं घाणेरड्या चादरीवर मरता कामा नयेत.

हे कलम कोर्टात उपयोगाचं नाही असं वकील म्हणाले. राहू दे, म्हटलं.

कलम ५. शिल्लक.

बँकेत जे असेल त्यातून आधी माझ्या दवाखान्याचं आणि कामगारांचं देणं भागवावं. वन्संच्या लोण्याचं, औषधाचं आणि नीळवाल्यांच्या धुलाईचं वेगळं काढून ठेवावं. उरलेल्याचे दोन भाग करावेत.

एक भाग मुलाला. तो त्याने स्वतःवर, निरुपयोगी वस्तूवर उडवावा. बँकेत ठेवला, कर्जात भरला किंवा विम्यात गुंतवला तर ती चैन धरली जाणार नाही आणि रक्कम परत घेण्यात यावी. खरेदी बघून सूनबाईने "हे कशाला आणलंत?" असं विचारलं, की अट पुरी झाली असं समजावं.

दुसरा भाग सूनबाईला. तिची चैन मला माहीत आहे. कशी माहीत झाली ते तिच्या कोटाच्या खिशाला विचारावं. कोट धुवायला माझ्याकडेच येतो. मी इथे फोड करत नाही. तिने ती चालू ठेवावी आणि नवऱ्याला सांगू नये.

कलम ६. अवजारं आणि राहिलेली उट्टी.

मोठी वजनदार इस्त्री, तिचा स्टँड आणि खिडकीजवळचं टेबल इस्त्रीवालीला द्यावं. ती टेबलाची हक्कदार आहेच, तिच्या कोपराचा खळगा पडला आहे त्यावर. मशीन जुनं आहे. ते विकायला काढलं तर घेणाऱ्याला ते कसं अडतं तेही सांगावं, फसवू नये.

कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने त्याचा टेबलक्लॉथ मी इस्त्रीने जाळला, असं चारचौघांत म्हटलं होतं. तो टेबलक्लॉथ मी जपून ठेवला आहे. भोक सिगारेटचं आहे. तो धुऊन, खळ देऊन, भोक बरोबर वरच्या बाजूला येईल अशी घडी घालून त्याच्या काउंटरवर ठेवावा. काही बोलू नये.

नीळवाल्यांना माझ्याकडची सगळी खळ. आणि एक सल्ला: नीळ कमी टाका.

इथवरचा मजकूर मी इस्पितळात जाण्याआधी लिहिला. यापुढचा परत आल्यावर लिहीत आहे. वकील म्हणाले, "सगळंच बदलतंय, तर नव्या कागदावर सुरुवातीपासून लिहा." मी म्हटलं, कागद काय झाडाला लागतात? ते हसले. मला त्या दिवशी हसू येत नव्हतं. जुनं खोडत नाही, कारण मी मुलाला घर देणार होते हे त्याने वाचायला हवं.

कलम ७. कलम २ रद्द करण्याबाबत, कारणासह.

माझ्या छातीत पाणी झालं आणि मला अचानक इस्पितळात नेलं. मुलगा रोज भेटायला यायचा. मी वन्संचं विचारलं. तो म्हणाला, "आत्याला मी माझ्याकडे नेलंय. तू तिची काळजी करू नकोस, आराम कर." मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पोराला पाझर फुटला असं वाटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी कौतुकाने सांगितलंसुद्धा.

घरी आले तर मागच्या खोलीत नुसता पलंग. गादीही गुंडाळून ठेवलेली. मुलगा म्हणाला, "राहू दे तिला अजून थोडे दिवस. तुझ्या अंगात कुठे जोर आहे?" इस्त्रीवालीलाही त्याने हेच सांगितलं होतं, वर "आईनेच सांगितलंय" असंही. ती मला म्हणाली, "बाई, न्यायला गाडी आली तेव्हा आजी रडत होत्या. मी तुमची ती धुऊन आलेली चादर त्यांच्याभोवती गुंडाळून दिली. म्हटलं, तेवढंच बरं वाटेल त्यांना."

पुढे आश्रमाची गाठोडी आली. मला काम करायची मनाई होती, पण काउंटरमागे बसायची नव्हती, म्हणून मी मोजणी करत बसले. प्रत्येक लाँड्री कपड्याच्या कोपऱ्यात आपल्या दोऱ्याची खूण घालते, म्हणजे अदलाबदल होत नाही. आश्रमाच्या चादरींवर माझी लाल फुली असते. दुसऱ्या गाठोड्यात एका चादरीवर निळे दोन टाके निघाले. निळे दोन टाके नीळवाल्यांचे. नीळवाले आश्रमाचं काम करत नाहीत. ती चादर माझी होती.

मी ती पूर्ण उलगडली. मी जन्मभर लोकांच्या चादरी उलगडल्या, तोंड वाकडं न करता. त्या दिवशी मी तोंड फिरवलं आणि मग पुन्हा वळून बघितलं. तिच्यावर एक कड नव्हती. कडेत कड, तिच्याबाहेर कड, अशा होत्या. पाठ टेकते तिथे रक्ताचा ठिपका होता. माणूस किती वेळ त्याच जागी पडून राहिला होता ते मला वाचता येत होतं, आणि वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे गाडी नाही. इस्त्रीवाली पळत जाऊन नीळवाल्यांना घेऊन आली. त्यांनी आपल्या गाडीतले धुतलेले कपडे तसेच दुकानात ओतले आणि मागे जागा केली.

आश्रमात वन्सं शेवटच्या खाटेवर होत्या, भिंतीकडे तोंड करून. खाली नुसतं रबर. त्यावर काही नाही. मी तिथल्या आयाला विचारलं, "चादर कुठे आहे यांची?"

ती म्हणाली, "चादरी लाँड्रीत गेल्यात. आल्या की घालू."

लाँड्री माझी.

वन्संनी मान वळवली. मला ओळखायला वेळ लागला त्यांना. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि एकेक शब्द शोधत त्या म्हणाल्या, "मी... काय केलं गं?"

आम्ही त्यांना घरी आणलं. पाठीला जखम आहे, ती भरत नाही. पण मला जखमेपेक्षा दुसऱ्या गोष्टीने जास्त लागलं. मी लोणी लावून पाव भरवायला गेले तर त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा पुन्हा मिटलं. धुतलेली चादर घातली तर डाव्या हाताने ती पायाशी ढकलली आणि म्हणाल्या, "नको... खर्च." आपण महाग पडलो म्हणून आपल्याला टाकून दिलं, असं त्यांनी मनाशी धरलं आहे. आता कमी खाऊन, कमी मागून, कूस बदलायलासुद्धा न सांगता त्या स्वस्तात राहायला बघतात, म्हणजे पुन्हा कोणी नेणार नाही. मी किती समजावलं. जिने मला चैन दिली तिला मी चैन घ्यायला लावू शकत नाही.

मुलाला बोलावलं. चादर त्याच्यापुढे ठेवली. तो मग म्हणाला, "मी फक्त जमतंय का ते बघत होतो, आई. तू गेल्यावर कधीतरी करावंच लागणार होतं. आणि नर्स घरी ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं." स्वस्त म्हणाला. तू इस्पितळात होतीस, सुंठीवाचून खोकला जाईल असं वाटलं, हे तो म्हणाला नाही; ते मी म्हणते. तो रडलाही. खोटं रडला नाही, मी त्याची आई आहे, मला कळतं. मी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पण घर देत नाही.

कलम २ रद्द समजावं. कलम ५ मधला त्याचा भाग त्याला द्यावा. तो चैन करायला शिकला तर माझा राग तेव्हा मिटेल, आधी नाही.

कलम ८. घर, नव्याने.

ही इमारत आमच्या इस्त्रीवालीला मिळावी, वन्संना शेवटपर्यंत मागच्या खोलीत सांभाळण्याच्या अटीवर. तिलाही मी तिची चैन विचारली होती. महिन्यातून एकदा ती एकटीच सिनेमाला जाते आणि सगळ्यात महागड्या खुर्चीत बसते, पाय वर घेऊन. घरच्यांना ओव्हरटाइम सांगते. माझी खात्री पटली.

तिची मात्र पटलेली नाही. म्हणाली, "बाई, मला घर नको. लोक म्हणतील म्हातारीच्या गुवामुताचं घर घेतलं."

"लोक काय, उंटावर बसलेत, तिथून काहीही म्हणतील. घेशील की नाही?"

"घेईन. पण दादांनी मला एकदा फसवलंच ना? तुमचं नाव सांगितलं आणि मी माझ्या हातांनी आजींना गाडीत बसवलं. तुम्ही नसल्यावर कोणी डॉक्टरचा कागद घेऊन आलं, साहेब आलं, तर मी काय बोलणार? मला भीती वाटते मोठ्या माणसांची." मग म्हणाली, "आणि मीच आडवी झाले तर?"

वकिलांनी अटी नीट बांधल्या आहेत, त्यांचं समाधान झालं आहे. माझं झालेलं नाही. कागदावर अट लिहिता येते. पण कागद रात्रीअपरात्री उठून कोणाची कूस बदलत नाही.

कलम ९. माझा देह.

माझ्या देहावर इस्पितळाकडून बाद झालेली, विरलेली चादर घालावी. चांगली चादर मेलेल्या माणसावर घालणं ही चैन नव्हे, नासाडी आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी कामाचे कपडे घालून यावं आणि कामाला परत जावं.

कलम १०. शेवटची इच्छा.

वरच्या सगळ्या कलमांवर माझा भरवसा पूर्ण नाही, हे मी शुद्धीवर असताना नमूद करते. मुलाने जे केलं ते दुष्टपणाने केलं नाही, आणि इस्त्रीवालीने जे केलं ते भाबडेपणाने केलं. दोघांच्याही हातून वन्सं त्या रबरावर पोचल्या. माझ्यामागे पुन्हा पोचणार नाहीत असं मला कोणी लिहून दिलं तरी मी ते खरं मानणार नाही.

म्हणून माझी इच्छा आहे की वन्सं माझ्याआधी जाव्यात. या घरात, या खोलीत, मी जिवंत असताना. मला त्यांच्यापेक्षा एक दिवस जास्त हवा. जास्त नको, एकच. त्या दिवसात मी त्यांना पुसेन, त्यांच्याखालची चादर काढेन आणि ती स्वतः धुवेन. मग माझं काय व्हायचं ते होवो. आयुष्यभर मी कोणाकडे फुकटचं काही मागितलं नाही. हे मागते. ही चैन आहे, मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, एवढं जमेल का? त्यांनी माझी छाती पुन्हा तपासली, नळी कानातून काढली आणि म्हणाल्या, "असं काही सांगता येत नसतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मृत्युपत्रातला मजकूर कोणाला वाचून दाखवायची गरज नसते. पण एखाद्या माणसाने आधी मरावं अशी इच्छा त्याच्या पाठीमागे लिहिणं मला बरं वाटेना. म्हणून हे कलम मी वन्संना वाचून दाखवलं. हळू वाचलं, मध्ये मला दम लागला तेव्हा थांबले. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "वन्सं, रागावलात का?"

त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"बरं," त्या म्हणाल्या. "घाई करते."

याउपर मला काही लिहायचं नाही. वरील सर्व मजकूर माझा आहे, मी तो वाचला आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करीत आहे. त्यांनीही माझ्या देखत, एकमेकांच्या देखत सही केली. डॉक्टरीणबाईंना या मृत्युपत्राने काही मिळत नाही, आणि नीळवाल्यांना जे मिळतं ते फुटकळ आहे असं वकील म्हणाले होते, तरी कायद्याला खोट नको म्हणून कलम ६ मधली नीळवाल्यांची खळ मी रद्द करते. सल्ला राहू दे.

सही: लाँड्रीची मालकीण

साक्षीदार पहिले: पलीकडच्या रस्त्यावरच्या लाँड्रीचे मालक, उर्फ नीळवाले. सही.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. सही. लिहून देणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर आहे असं त्यांनी स्वहस्ते लिहिलं आहे.

स्थळ: लाँड्रीच्या वर, मागची खोली.

दिनांक: सही केली तो. दोघे साक्षीदार आपल्या हाताने घालतील.